खोल्या मोजण्याआधी टाकी मोजा: तलावकाठी धंदा करणाऱ्यांना खुले पत्र

तलावकाठी हॉटेल, होमस्टे, तंबू, उपाहारगृह किंवा बोटी चालवणाऱ्या आणि पुढच्या हंगामात नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

आम्ही तलावकाठीच राहतो आणि सांडपाण्याच्या टाक्या, धक्के, वायरिंग, बोटींची इंजिने ही कामे करून पोट भरतो. तुम्ही पाहुण्यांना समोरचे पाणी विकता. ते पाणी पाच वर्षांनीही तसेच दिसेल की हिरवे पडेल, हे तुमच्या जागेच्या मागच्या अंगणात ठरते, जिथे पाहुणा फिरकत नाही आणि मालकही सहसा जात नाही. म्हणून आमची मागणी सरळ आहे: जागेवर किती माणसे उतरवायची हे खोल्यांवरून ठरवू नका, सांडपाण्याच्या टाकीवरून आणि तिच्या पुढच्या मातीवरून ठरवा.

तलावाला हिरवा करणारा मुख्य घटक फॉस्फरस. 1973 साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ‘लेक 226’ या छोट्या तलावाचे प्लास्टिकच्या पडद्याने दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात तेच दोन अधिक फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग शेवाळाने दाट हिरवा झाला, पलीकडचा होता तसाच राहिला. विमानातून काढलेल्या त्या फोटोनंतर वाद घालायला फारसे काही उरले नाही.

आता हा फॉस्फरस येतो कुठून? प्रौढ माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण दीड ग्रॅम. जागेवर 40 पाहुणे असतील तर 60 ग्रॅम. एक ग्रॅम फॉस्फरसवर वाळलेल्या वजनाने सुमारे 100 ग्रॅम शेवाळ पोसले जाऊ शकते. म्हणजे एका भरलेल्या दिवसाचे सांडपाणी थेट पाण्यात गेले, तर सहा किलो कोरड्या शेवाळाची सोय झाली. ओले वजन त्याच्या कितीतरी पट. हा एका जागेचा एका दिवसाचा हिशोब आहे आणि काठावर तुम्ही एकटे नाही.

सेप्टिक टँक हे पाणी शुद्ध करते असा सर्रास समज आहे. टाकी फक्त जड मैला खाली बसवते, तेल-चरबी वर तरंगवते आणि मधले पाणी पुढे सोडते. त्या पाण्यातला बहुतेक फॉस्फरस तसाच असतो. खरी गाळणी टाकीच्या पुढची माती करते आणि मातीला हे काम जमण्यासाठी दोन अटी आहेत: पाणी सावकाश उतरले पाहिजे आणि माती पाण्याने भरलेली नसली पाहिजे.

आधी टाकीचा हिशोब. माणशी रोज 120 लिटर सांडपाणी धरा. 20 माणसांचे 2,400 लिटर. टाकी 5,000 लिटरची असेल तर पाणी आत दोन दिवस थांबते, मैला नीट बसतो. पण टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने व्यापला की कामाची जागा उरते 3,300 लिटर. त्यात सुट्टीच्या दिवशी 40 माणसे आली, की 4,800 लिटर पाणी येते आणि ते आत जेमतेम सोळा-सतरा तास थांबते. त्यातही सगळे एकदम सकाळी सात ते दहाच्या दरम्यान. किमान 24 तास न मिळालेला मैला पाण्याबरोबर वाहून शोषखड्ड्यात जातो, तिथल्या मातीच्या छिद्रांवर काळा चिकट थर धरतो आणि खड्डा पाणी घेणे बंद करतो. मग मालक म्हणतात, खड्डा लहान पडला, आणि दुसरा खड्डा खणतात, तोही बहुधा उतारावर, म्हणजे तलावाच्या आणखी जवळ. टाकी तीच राहते, त्यामुळे दुसरा खड्डाही त्याच वाटेने जातो.

खड्डा तुंबत असल्याची लक्षणे वास येण्याच्या बरीच आधी दिसतात. तळमजल्याच्या संडासात पाणी सावकाश उतरते, नळीतून गुडगुड आवाज येतो, आणि आजूबाजूचे गवत सुकलेले असताना एक पट्टा मात्र हिरवागार राहतो. तो पट्टा दिसला की पाहुणे घेणे कमी करा आणि टाकी उघडा.

गाळ मोजायला यंत्र लागत नाही. तळापर्यंत पोचेल अशा लांब बांबूला खालच्या टोकाकडून मीटरभर पांढरे टॉवेलचे कापड गुंडाळून बांधा. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळीच्या बाजूने हळूच तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटे धरा, सरळ वर काढा. कापडावर काळा डाग जिथपर्यंत चढला आहे तितका गाळ. वरच्या सायीची जाडी आणि हा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाला पोचले, तर उपसा करायची वेळ झाली. घरगुती टाकीला हे साधारण तीन ते पाच वर्षांनी होते; पाहुण्यांच्या जागेला त्याच्या आतच. मोजताना टाकीत वाकू नका आणि उतरण्याचा तर विचारही करू नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. झाकण उघडे असताना मुलांना लांब ठेवा.

झाकण उघडलेच आहे तर बाहेर जाणाऱ्या नळीचा ‘टी’ जागेवर आहे का ते पाहा. वरची साय आणि खालचा गाळ या दोन्हींच्या मधून पाणी घेणे हे त्या तुकड्याचे काम. उपसा करताना होजचा धक्का लागून तो निखळतो, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढच्या हंगामात चांगला खड्डा वाया जातो. आम्ही पाहिलेल्या तुंबलेल्या खड्ड्यांमागे हा एवढासा तुकडा वारंवार निघाला आहे.

मातीचे पाहायचे तर सगळ्यात ओल्या मोसमात पाहा, जेव्हा तलाव भरलेला असतो. जागेवर दीड-दोन मीटर खोल चाचणीखड्डा घ्या, एक दिवस थांबा, पाणी कितीवर येते ते मोजा. शोषचराचा, म्हणजे टाकीतून आलेले पाणी मातीत जिरवणाऱ्या चराचा, तळ त्या पातळीच्या किमान एक मीटर वर हवा. कोरड्या मोसमात पाहून बांधलेले खड्डे पाणी चढले की भूजलातच बुडतात, आणि मग मधली माती काही गाळत नाही. खोल विहिरीसारख्या खड्ड्यापेक्षा उथळ लांब चर चांगले, कारण हवा आणि जिवाणू मातीच्या वरच्या थरात असतात. पाणी फार पटकन उतरणारी माती पाहून खूश होऊ नका. वाळू-खडीतून ते न गाळता सरळ तलावात जाते. चिकणमातीचा अंश आणि लोह-ॲल्युमिनियम असलेली माती फॉस्फरस धरून ठेवते, पण तिचीही धरण्याची मर्यादा असते.

ज्यांची गर्दी सुट्टीपुरतीच असते, त्यांच्यासाठी सगळ्यात उपयोगी भर म्हणजे टाकीनंतर एक साठवण टाकी आणि टायमरवर चालणारा छोटा पंप. दोन दिवसांत आलेले पाणी साठवून ते दर काही तासांनी थोडेथोडे, आठवडाभर चरांत सोडायचे. तेवढ्याच मातीकडून जास्त नीट काम होते, कारण दोन सोडण्यांच्या मध्ये तिला हवा मिळते. भूजल इतके वर आहे की चर घेताच येत नाहीत, तिथे बंद टाकी ठेवून मैला तलावाच्या पाणलोटाबाहेरच्या प्रक्रिया केंद्रात नेणे, किंवा मूत्र वेगळे धरणारे कोरडे संडास, एवढेच मार्ग उरतात. मूत्र वेगळे काढण्याला अर्थ आहे: माणसाने टाकलेल्या नायट्रोजनपैकी सुमारे 80 टक्के आणि फॉस्फरसपैकी निम्म्याहून जास्त त्यातच असतो. काठापासून लांबच्या शेतीला ते चालते.

स्वयंपाकघराचे पाणी टाकीत सोडण्याआधी ग्रीस ट्रॅप लावा आणि हंगामात तो दर आठवड्याला साफ करा. गरम पाण्याबरोबर पातळ होऊन गेलेली चरबी पुढे गार होऊन चरात गोठते, ती परत निघत नाही. ब्लीच आणि तीव्र जंतुनाशके भरपूर वापरलीत तर टाकीतले जिवाणू मरतात. बाजारात मिळणाऱ्या ‘टाकी जिवंत करणाऱ्या’ पावडरींची गरज नसते. कपडे-भांड्यांसाठी फॉस्फेट नसलेला साबण घ्या.

साबणाने काय होणार, असे कोणी म्हणेल. जपानमधल्या बिवा सरोवरात 1977 साली सूक्ष्म जीवांच्या बेसुमार वाढीने पाणी तांबूस झाले, तेव्हा काठच्या गृहिणींनी घराघरांतून फॉस्फेटयुक्त डिटर्जंट हद्दपार करण्याची चळवळ उभी केली. शिगा प्रांताने 1979 साली तशा डिटर्जंटवर बंदीचा नियम मंजूर केला आणि 1980 पासून तो लागू झाला. फ्रान्समधल्या आनसी सरोवराकाठच्या गावांनी 1957 साली एकत्र संस्था काढून सरोवराभोवती सांडपाण्याची वर्तुळाकार वाहिनी घातली. ते सरोवर आज युरोपातल्या स्वच्छ सरोवरांत मोजले जाते. अमेरिकेत सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये पडणारे सांडपाणी 1963 ते 1968 या काळात टप्प्याटप्प्याने वळवले आणि सत्तरच्या दशकात पाणी पुन्हा नितळ झाले.

पण वॉशिंग्टन खोल आहे. उथळ तलाव इतक्या लवकर सुधारत नाहीत. वर्षानुवर्षे आलेला फॉस्फरस तळाच्या गाळात लोहाला चिकटून बसतो. गरम दिवसांत पाण्याचे थर पडतात, तळाचा ऑक्सिजन संपतो, लोहाची पकड सुटते आणि तोच फॉस्फरस परत वर येतो. बाहेरून येणारे सगळे थांबवले तरी तलाव आपल्या जुन्या साठ्यावर पुढे अनेक वर्षे हिरवा होत राहतो. म्हणून ‘पाणी बिघडायला लागले की बघू’ हा हिशोब तलावाला लागू पडत नाही.

काठाविषयी थोडक्यात. पाण्यापर्यंत हिरवळ कापत नेऊ नका आणि तिला खत घालू नका. काठाशी दहा मीटरचा पट्टा पाणकणीस, लव्हाळे, झुडपे यांना सोडा. उतरायला एक अरुंद, वळणाची वाट पुरते. सरळ वाट पावसाचे पाणी सरळ तलावात नेते. काठ खचतो म्हणून उभी काँक्रीटची भिंत बांधली जाते, तेव्हा लाट भिंतीवर आपटून खाली वळते, पायथ्याची माती उकरते आणि काही वर्षांत भिंत पुढे झुकते. शेजाऱ्याचा काठही सोबत जातो. दगडांचा उतार आणि त्यात रुजवलेली झाडे टिकतात. रात्री पाण्यावर रोखलेले दिवे बंद ठेवा. शेवाळ खाणारे डॅफ्नियासारखे बारीक जीव अंधारात वरच्या थरात येऊन चरतात, उजेड असला तर खालीच थांबतात.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर काठीने उचलून पाहा. काठीवर लांब धागे आले तर ते बहुधा साधे शेवाळ. रंगासारखा लेप आला तर निळे-हिरवे शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, असण्याचा संशय धरा. हातमोजे घालून पाणी काचेच्या बरणीत भरा, झाकण लावून न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय पक्का समजून वागा: पोहणे बंद, कुत्री लांब, आणि नमुना प्रयोगशाळेत. ही घरगुती चाचणी आहे, पाणी सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र तिच्यावरून देऊ नका. असे पाणी उकळून प्यायला देणे ही घातक चूक आहे, कारण उकळल्याने विष जात नाही. तवंगावर मोरचूद टाकणेही तितकेच वाईट. पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात उतरते.

बोटवाल्यांना दोन गोष्टी. सगळ्यात मोठी लाट बोट पूर्ण वेगात असताना उठत नाही, नाक वर उचलून अर्ध्या वेगात रेटताना उठते. काठाजवळ अगदी हळू चला, वेग घ्यायचा तो लांब जाऊन झटकन घ्या. दोन-तीन मीटरपेक्षा उथळ पाण्यात पंख्याने तळाचा गाळ ढवळला जातो, आणि त्यात काय साठलेले असते ते वर सांगितलेच आहे. दुसरे, एका तलावातली बोट दुसऱ्यात नेताना धुवा, तळातले पाणी पूर्ण काढा, किमान पाच दिवस वाळवा. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये 1988 साली सापडलेले झेब्रा शिंपले जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून आले. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत आणि पुढे पाण्याच्या नळ्या बुजवून टाकतात. जलपर्णीचा एक तुकडा पंख्याला अडकून आला तरी पुरतो.

धक्क्यावरच्या विजेबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवे, कारण गोड्या पाण्यात ती समुद्रापेक्षा जास्त मारक ठरते. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते, त्यामुळे गळणारा प्रवाह माणसाला वळसा घालून निघून जातो. गोड्या पाण्यात माणसाचे शरीरच पाण्यापेक्षा चांगला वाहक असते, म्हणून प्रवाह त्याच्यातून जातो. 10-15 मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात, पोहता येणारा माणूस हात न मारता बुडतो, अंगावर खूण राहत नाही, आणि ‘बुडून मृत्यू’ अशी नोंद होते. कारण सहसा साधे असते: दिव्यांच्या माळेची सोललेली वायर, पाण्यात लोंबणारे एक्स्टेन्शन, बोटीच्या चार्जरमधली गळती, तुटलेले अर्थिंग. धक्क्याच्या संपूर्ण पुरवठ्यावर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारे स्विच, बसवा आणि त्याचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. दाबल्यावर पुरवठा तुटला नाही तर त्या दिवशी धक्का बंद. वायर पाईपमधून, पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वरून न्या. वीज असलेल्या धक्क्याजवळ पोहायला मनाई करा आणि फलक लावा. पाण्यात मुंग्या आल्यासारखे वाटले तर शिडीकडे यायचे नाही, आल्या वाटेने धक्क्यापासून लांब पोहायचे, हे पाहुण्यांना आधीच सांगा. कोणी आखडलेला दिसला तर पहिले काम मेन स्विच बंद करणे, दुसरे रिंग फेकणे. उडी मारू नका. मेन स्विच कुठे आहे हे धक्क्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला अंधारातही माहीत हवे.

भाड्याने कयाक किंवा पॅडलबोर्ड देणारे काठावरून पाणी बघून ‘शांत आहे’ म्हणतात. वारा जमिनीकडून तलावाकडे वाहत असेल तर काठाजवळ पाणी नेहमीच शांत दिसते. लाटा दोनशे-तीनशे मीटर पुढे उठतात, आणि तिथे पोचलेल्या नवख्याला परतीचा रस्ता वाऱ्याविरुद्ध असतो. अशा वेळी बोटी देऊ नका, किंवा काठाला धरूनच फिरायला सांगा. एरवी नियम असा ठेवा की जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर. डोंगरातल्या तलावांवर दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून शेवटची बोट सोडण्याची वेळ त्यावरून ठरवा. पाणी 15 अंशांखाली असेल तर पडल्यापडल्या श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पहिल्या मिनिटातच माणूस पाणी गिळतो. त्यावेळी लाइफ जॅकेट अंगात नसेल तर बोटीत ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर जॅकेट वर तरंगते आणि मूल खालून निसटते.

आता माणसांबद्दल. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या सरोवराकाठच्या गावात जेमतेम साडेसातशे लोक राहतात आणि गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात. 2023 सालच्या ऑगस्टमध्ये तिथल्या रहिवाशांनी पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि बसगाड्यांवर वेळेचे बंधन मागत निदर्शने केली. काठावरचे प्रत्येक घर पाहुण्यांसाठी दिले गेले की पंप चालवणारा, खोल्या झाडणारी, बोट बांधणारा, कोणालाच गावात भाड्याने जागा मिळत नाही. ते तासभराच्या अंतरावरून येतात. पहाटे सांडपाण्याचा पंप बंद पडला तर धावून येणारे कोणी जवळ नसते आणि साठवण टाकी तलावाकडे वाहते. पाहुण्यांच्या खोल्या वाढवताना कर्मचाऱ्यांच्या खोल्या त्याच आराखड्यात, त्याच टाकीच्या हिशोबात धरा. निदान पंप आणि वीज सांभाळणारा माणूस पायी पोचण्याच्या अंतरावर, वर्षभर राहणारा असू द्या. हंगामापुरत्या आलेल्याला ‘टी’ कधी निखळला हे कळणार नाही.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने एवढे करावे अशी आमची विनंती आहे. टाकीतला गाळ आणि साय मोजून आकडे तारखेसह लिहावेत. टाकीच्या आकारावरून जास्तीत जास्त माणसे किती, हा आकडा काढून आरक्षण घेणाऱ्याच्या टेबलावर लावावा आणि त्यापुढे आरक्षण घेऊ नये. धक्क्याचे आरसीसीबी तपासावे. आणि काठावरच्या सगळ्यांनी मिळून 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची एक सेकी तबकडी, म्हणजे पाण्याचा नितळपणा मोजायची तबकडी, करून घ्यावी. दर पंधरा दिवसांनी, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, बोटीच्या सावलीच्या बाजूने ती खोल पाण्यात सोडावी. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहावी. जागा आणि दोरी तीच ठेवावी. वही कोणा एकाच्या घरी न ठेवता, काठावरच्या कोणालाही उघडून पाहता येईल अशा ठिकाणी ठेवावी. टाकी उघडताना किंवा चाचणीखड्डा घेताना अडचण आली तर बोलवा, आम्ही येऊ.

आपले,
तलावकाठी राहणारे आणि काम करणारे काही जण